मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन करायचे असेल तर : भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

सोलापुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, आजीला अर्धांगवायूचा झटका आल्यावर रेल्वे लाईन्स भागातल्या एका केंद्रात तिच्या मेंदूचा एमआरआय काढला, तेव्हापासून ती चित्रे मनातून जात नाहीत आणि मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन करावे असे वाटू लागले आहे. पण आपण डॉक्टर होणार नाही, घरची भाषा तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, मग या क्षेत्रात आपल्याला जागा आहे का, तिथे संशोधक नेमके काय काम करतात, आणि त्यावर घर चालेल का. मी मूळची सोलापूरची, भौतिकशास्त्राचीच पदवीधर, आणि वीसहून अधिक वर्षे फंक्शनल एमआरआय हेच माझे काम आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

जागा निश्चित आहे. एमआरआयच्या शोधासाठी २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळाले, त्यांपैकी पॉल लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ होते आणि पीटर मॅन्सफिल्ड भौतिकशास्त्रज्ञ. आजही चांगल्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, संगणक आणि वैद्यक अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे एकत्र काम करतात आणि त्यांपैकी कोणालाही सगळे येत नसते. मात्र तुमच्या आजीची चित्रे आणि तुम्ही ज्या कामाचा विचार करता आहात ते काम, यांत एक मोठा फरक आहे, आणि तो आधी समजून घेतला नाही तर पुढची सगळी वर्षे गैरसमजावर उभी राहतील. आजीच्या चित्रात डॉक्टरांना मेंदूची रचना दिसली आणि रक्तपुरवठा तुटल्याने कोणता भाग बाधित झाला हे दिसले. फंक्शनल एमआरआयमध्ये आपण जाग्या, विचार करणाऱ्या मेंदूचा अभ्यास करतो, आणि तिथे पडद्यावर दिसणारे लाल-पिवळे ठिपके कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. ते एका सांख्यिकीय चाचणीचे निकाल असतात, रंग नंतर भरलेला असतो. त्या रंगावर कधी विश्वास ठेवावा आणि कधी ठेवू नये हे शिकण्यातच आमची उमेदीची वर्षे जातात, आणि माझ्या मते ती सत्कारणी लागतात.

मोजले काय जाते ते पाहू. संशोधनासाठी बहुतेक ठिकाणी ३ टेस्लाचा स्कॅनर असतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट असते. शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके या क्षेत्रात साधारण १२८ मेगाहर्ट्झ या वारंवारितेने परांचन करतात, म्हणजे भोवऱ्यासारखी डोलत फिरतात, आणि त्याच वारंवारितेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. इथपर्यंतचे भौतिकशास्त्र तुमच्या अभ्यासक्रमात आहे. पुढचा दुवा १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरीएल यांनी दिला: ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन समचुंबकीय असते, म्हणजे चुंबकाकडे किंचित ओढले जाते, तर ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन प्रतिचुंबकीय, म्हणजे किंचित दूर ढकलले जाणारे. म्हणजे रक्त स्वतःच आपली अवस्था चुंबकाला सांगत असते. याचा उपयोग करून घ्यायला पाच दशकांहून अधिक काळ जावा लागला. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हा परिणाम दाखवला, आणि १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एकाहून अधिक गटांनी माणसाच्या मेंदूत, शरीरात काहीही न टोचता, तो मोजून दाखवला. मानवी मेंदूच्या कार्याचा अभ्यास सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात आला तो तेव्हापासून.

यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी उलटी वाटते. मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तो ऑक्सिजन जास्त वापरतो, म्हणून तिथे ऑक्सिजन संपलेले, चुंबकीय क्षेत्रात गडबड करणारे रक्त वाढेल आणि स्कॅनरला मिळणारा संकेत कमी होईल, असा तर्क कोणीही करेल. प्रत्यक्षात त्या भागाकडे रक्ताचा ओघ गरजेपेक्षा कितीतरी अधिक वाढतो, ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि संकेत वाढतो. ही वाढ बहुतेक प्रयोगांत एक-दोन टक्क्यांच्या घरातली असते, आणि तिची कमाल पातळी चेतापेशींच्या हालचालीनंतर पाच-सहा सेकंदांनी येते. शिवाय आपण ज्या तीन मिलिमीटर बाजूच्या घनात, म्हणजे एका व्हॉक्सेलमध्ये, हे मोजतो त्यात लाखो चेतापेशी सामावलेल्या असतात. एखाद्या टॉवेलच्या कारखान्याच्या विजेच्या मीटरवरून कोणत्या शेडमधले माग चालू होते हे सांगता येईल, पण मागावर कोणती नक्षी विणली जात होती हे सांगता येणार नाही. आमचे मोजमाप त्या मीटरसारखे आहे. ईईजी आणि एमईजी या पद्धतींनी मेंदूतली विद्युत हालचाल हजारांश सेकंदाच्या अचूकतेने टिपता येते, परंतु ती मेंदूत नेमकी कुठे घडली हे सांगताना हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून अनुभवी संशोधक पद्धतीच्या प्रेमात पडत नाही. प्रश्नाला कोणती पद्धत पेलेल हे तो आधी पाहतो.

आता प्रत्यक्ष काम. स्कॅनच्या दिवशी सर्वांत जास्त वेळ यंत्रावर जातो असे बाहेरच्यांना वाटते. खरे तर तो माणसावर जातो. सहभागी व्यक्तीला संमतिपत्र तिच्या भाषेत समजावून सांगावे लागते, आणि त्यात हा उपचार नाही, यातून तुम्हाला निदान मिळणार नाही, मध्येच उठून जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, हे स्पष्ट सांगावे लागते. मग अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू काढायची. आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत ही यादी लांब असते: मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसांतले आकडे, पदराची पिन, आणि खऱ्या जरीची साडी असेल तर साडीही. जोडवी कित्येकदा वर्षानुवर्षे न काढल्यामुळे निघत नाहीत, आणि एखाद्या वयस्क बाईंना मंगळसूत्र काढायला सांगणे ही तांत्रिक सूचना राहत नाही. त्या वेळी घाई करणारा, किंवा ते दागिने दुसऱ्याच कोणाच्या हाती सोपवून मोकळा होणारा संशोधक माझ्या प्रयोगशाळेत टिकत नाही. ते दागिने त्यांच्याच नातलगांच्या हातात, त्यांच्या डोळ्यांदेखत द्यावेत, एवढी साधी गोष्ट सांभाळली तर बाई शांतपणे आत जातात, आणि शांत सहभागी म्हणजे स्वच्छ विदा (डेटा). धातूबाबतची ही कडक शिस्त विनाकारण नाही. अतिवाहक चुंबक रात्रंदिवस चालू असतो, स्कॅन चालू नसला तरी तो ओढतच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला.

आत गेल्यावर डोके फोमच्या गाद्यांनी दोन्ही बाजूंनी बसवले जाते, कानांत बोळे आणि वर हेडफोन, हातात घाबरल्यास दाबायचा रबरी फुगा. मग पुढचा पाऊण तास डोके हलवू नये एवढीच अपेक्षा असते, आणि तीच सर्वांत अवघड ठरते. स्कॅननंतर संगणक सहा रेषांचा एक आलेख देतो, तीन रेषा डोके कोणत्या दिशेला किती सरकले याच्या आणि तीन ते किती वळले याच्या. सराव झाल्यावर तो आलेख वाचता येऊ लागतो: हा उंचवटा म्हणजे आवंढा गिळला, ही हळूहळू उतरत गेलेली रेषा म्हणजे मानेचे स्नायू सैल पडत गेले, आणि इथून पुढे बहुधा झोप लागली. एका मिलिमीटरहून कमी हालचालही निष्कर्ष बदलू शकते. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डोक्याच्या सूक्ष्म हालचालींमुळे मेंदूच्या भागांमधले संबंध खोटेच कमी-जास्त भासतात. जवळच्या भागांतले वाढलेले आणि दूरच्या भागांतले घटलेले दिसतात. लहान मुले आणि रुग्ण जास्त हलतात हे ध्यानात घेतले, तर लहान-मोठ्यांच्या किंवा आजारी-निरोगींच्या मेंदूंतले जाहीर झालेले काही फरक हे हालचालींचेच फरक होते, ही गोष्ट किती गंभीर आहे ते कळेल. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिले काही महिने फक्त हे आलेख पाहायला लावते. कंटाळवाणे वाटते, तरी यावर मी ठाम आहे.

यानंतर येते संख्याशास्त्र, आणि खरे सांगायचे तर आमच्या आयुष्याचा मोठा भाग इथेच जातो. एका मेंदूत लाखभर व्हॉक्सेल धरले आणि प्रत्येकावर पाच टक्के चुकीची मुभा देऊन चाचणी केली, तर काहीही घडत नसताना पाच हजार व्हॉक्सेल 'पेटलेले' दिसतील. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली', आणि अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती न केल्यास त्याच्या मेंदूतही सक्रिय ठिपके मिळतात हे सिद्ध केले. दुरुस्ती केल्यावर ते नाहीसे झाले. लोक या माशाची गोष्ट गमतीने सांगतात. मला तो आमच्या क्षेत्रातला अत्यंत प्रामाणिक प्रयोग वाटतो. २०१६ मध्ये स्वीडनच्या आंदेर्स एकलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधली ठिपक्यांच्या पुंजक्यांवर आधारलेली चाचणी काही परिस्थितींत पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत खोटे निकाल देते. २०२० मध्ये एकच विदा, १०८ सहभागींची, ७० गटांना देऊन तीच नऊ गृहीतके तपासायला सांगितली. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती आणि काही गृहीतकांवर निष्कर्ष बरेच वेगळे आले. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे पन्नास हजार लोकांच्या विदेवरून सांगितले की मेंदूची रचना किंवा जोडण्या आणि माणसाची बुद्धिमत्ता, स्वभाव यांसारखे गुण यांच्यातला संबंध विश्वासाने सांगायचा असेल तर हजारो सहभागी लागतात, वीस-पंचवीस पुरत नाहीत.

हे वाचून हे क्षेत्रच पोकळ आहे असा समज करून घेऊ नका. चेहरे ओळखताना मेंदूच्या तळाशी एक विशिष्ट भाग अधिक सक्रिय होतो, हे नॅन्सी कॅनविशर यांनी १९९७ मध्ये मोजक्या लोकांवर दाखवले आणि ते आजही कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा दिसते, कारण परिणाम मोठा आहे आणि तो प्रत्येक व्यक्तीत स्वतंत्रपणे तपासता येतो. रसेल पोल्ड्रॅक यांनी तर दीड वर्ष वारंवार स्वतःचाच मेंदू स्कॅन केला, आणि एका मेंदूचे खोलवर मोजमापही किती शिकवते हे दिसले. कमी सहभागी असणे हा दोष नाही. लहान परिणामाबद्दल कमी सहभागींवरून मोठे विधान करणे हा दोष आहे. वर सांगितलेल्या सगळ्या त्रुटी क्षेत्रातल्याच लोकांनी शोधल्या, जाहीर केल्या आणि त्यामुळे कामाची रीत बदलली: गृहीतक आधी नोंदवून ठेवणे, विदा ठरावीक मांडणीत सर्वांसाठी खुली करणे, विश्लेषणाचा कोडही सोबत देणे. तुमची पिढी या रीतीतच तयार होईल, हे मला फार आशादायक वाटते.

आता तुमच्या प्रश्नातल्या ज्या भागाला तुम्ही अडचण म्हटले आहे, त्याकडे वळते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि दखनी, शेजारी कन्नड, अशी सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाच्या, घरांची जी रोजची स्थिती आहे, ती जगातल्या अनेक प्रयोगशाळांना मुद्दाम शोधूनही मिळत नाही. मेंदूच्या प्रतिमांचे बहुतांश संशोधन युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आसपासच्या, शिकलेल्या आणि बहुधा इंग्रजी बोलणाऱ्या माणसांवर झालेले आहे. आपल्याकडून काय मिळू शकते याची उदाहरणे आहेत. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये सांगितले की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. हे स्कॅनरचे काम नव्हते, परंतु स्कॅनरसाठी प्रश्न उभा करणारे होते. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, वाचता न येणाऱ्या तीसएक प्रौढांवर आधारित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या एका गटाला सुमारे सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले, तेव्हा मेंदूच्या खोल भागातल्या थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभाचे दृष्टिकेंद्राशी असलेले नाते बदललेले आढळले. देवनागरीत पहिली (ऱ्हस्व) वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चार नंतर करतात. 'कि' वाचताना डोळ्यांचा क्रम आणि कानांचा क्रम वेगळा असतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी सिंग आणि सहकाऱ्यांनी देवनागरीच्या वाचनावर बरेच काम केले आहे, ते अवश्य वाचा.

सोलापुरात देवनागरी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार लिपी एकाच गावात वाचल्या जातात, आणि अनेकांना भाषा बोलता येते पण तिची लिपी येत नाही. तुम्हाला तेलुगू वाचता येते का? येत नसेल, तर बोलण्याची भाषा एक आणि वाचण्याची दुसरी असलेल्या मेंदूविषयीचा प्रश्न तुमच्या घरातच आहे. मात्र इथेही तीच सावधगिरी हवी. तीन भाषा बोलणारा आणि एक बोलणारा यांची तुलना करताना शिक्षण, स्थलांतर, व्यवसाय, उत्पन्न हे सगळेच वेगळे असते. फरक भाषेमुळे पडला हे म्हणणे वाटते तितके सोपे नाही. एकाच व्यक्तीच्या दोन भाषांची तुलना अधिक भरवशाची ठरते. आणि हा केवळ विद्वत्तेचा प्रश्नही नाही. मेंदूतली गाठ किंवा अपस्माराचे केंद्र काढण्यापूर्वी भाषेचे भाग कुठे आहेत हे फंक्शनल एमआरआयने पाहतात. त्या वेळी रुग्णाला जी कार्ये दिली जातात ती त्याच्या घरच्या भाषेत नसतील, तर नकाशा अपुरा राहू शकतो. तेलुगू-मराठी रुग्णांसाठी तपासून घेतलेली कार्ये तयार करणे हे एका चांगल्या प्रबंधाएवढे काम आहे.

वाटेबद्दल थोडक्यात. भौतिकशास्त्र सोडू नका, एम.एस्सी. भौतिकशास्त्रात करा, किंवा जॅम, गेट यांच्या आधारे जैववैद्यकीय अभियांत्रिकी वा संज्ञानात्मक विज्ञानाकडे वळा; आयआयटी गांधीनगर आणि अलाहाबाद विद्यापीठात संज्ञानात्मक विज्ञानाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. पीएच.डी.साठी मानेसरचे केंद्र, बंगळुरूची निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्था, लखनौचे जैववैद्यकीय संशोधन केंद्र, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था ही नावे डोळ्यांपुढे ठेवा. नेट उत्तीर्ण होऊन फेलोशिप मिळाली तर २०२३ च्या सुधारणेनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे मिळते. ही रक्कम काही वेळा उशिरा हातात पडते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षे, त्यानंतर दोन-चार वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधनपद, बहुधा परदेशात, आणि मग प्राध्यापकाची जागा, जी फार थोड्यांना मिळते. घरी हे आजच सांगा. वयाच्या तिशीपर्यंत स्थिर नोकरी नसेल, आणि लग्नाचा विषय निघेल तेव्हा हे आधी सांगितलेले असल्याचा उपयोग होईल. प्राध्यापकी मिळाली नाही तर शिकलेले वाया जात नाही: स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्या, वैद्यकीय प्रतिमांचे सॉफ्टवेअर, रुग्णालयांचे संशोधन विभाग आणि विदा-विश्लेषणाचे मोठे क्षेत्र यांना हीच कौशल्ये लागतात. माझे कित्येक विद्यार्थी तिकडे गेले आणि उत्तम काम करत आहेत. मी याला अपयश मानत नाही, तुम्हीही मानू नका.

इंग्रजीची भीती अनाठायी आहे. शोधनिबंधांचे इंग्रजी मर्यादित शब्दांचे असते. आठवड्याला एक निबंध वहीत मराठीत उतरवत गेलात तर वर्षभरात ते अंगवळणी पडते. गाईड निवडताना मात्र त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला: पीएच.डी.ला किती वर्षे लागली, निबंधावर पहिले नाव कोणाचे लागते, नकारात्मक निकाल आल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणतात. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून प्रयोगशाळा कळते.

सध्या तुमच्याजवळ स्कॅनर नाही, आणि तो लागतही नाही. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर जगभरातल्या प्रयोगांची विदा विनामूल्य मिळते. एफएसएल, एएफएनआय ही सॉफ्टवेअर आमच्यासारख्यांच्या रोजच्या वापरातली आहेत आणि विद्यार्थ्यांना फुकट मिळतात. पायथन शिका, रेषीय बीजगणित आणि फूरिये रूपांतर पुन्हा नीट करा, संख्याशास्त्राचे एक पुस्तक उदाहरणे सोडवत शेवटापर्यंत न्या. मग एक लहानशी विदा उतरवून घ्या, डोक्याच्या हालचालींचे ते सहा रेषांचे आलेख काढा, कोणत्या सहभागींना वगळाल आणि का, हे निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा, आणि नंतरच पुढचे विश्लेषण करा. उन्हाळी प्रशिक्षणासाठी एखाद्या प्रयोगशाळेला पत्र लिहाल तेव्हा मेंदूविषयीच्या लहानपणापासूनच्या ओढीचे वर्णन न करता हे आलेख आणि ते एक पान जोडा. अशी पत्रे आमच्याकडे क्वचित येतात, आणि आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जाते.